कष्टाची भाकर, पुणे: एका निवृत्त दिवाणजीचा अभिप्राय

आधी भाकरीचं बोलू. खाण्याच्या जागेचा अभिप्राय वाचायला आलेल्या माणसाला इतिहास वाढून उपाशी ठेवायला नको.

भाकरी गरम असते, हाताने थापलेली असते आणि आकाराला पोटाकडे बघून केलेली असते. झुणका कोरडा, कांदा-लसणाचा, तिखटाला न लाजणारा. सोबत ठेचा आणि कांदा. ज्याला पोळी-भाजी हवी त्याला ती मिळते, वरण-भातही मिळतो. पैसे द्यायचे, ताट आपलं आपण उचलायचं, जागा दिसेल तिथे टेकायचं. वेटर, मेन्यूकार्ड, बडीशेप असला कारभार नाही. एसीत बसून तासभर गप्पा मारायच्या असतील तर पुण्यात त्यासाठी शेकड्याने जागा आहेत, तिकडे जावं. इथे शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर पोत्याची धूळ असण्याची शक्यता आहे, आणि ज्याला त्याचं काही वाटतं त्याने न आलेलंच बरं.

ही जागा हमालांच्या संघटनेची, म्हणजे हमाल पंचायतीची. आता मी कोण, ते सांगतो. मार्केट यार्डात भुसार, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या एका आडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी होतो. नोकरीला लागलो तेव्हा धोतर-टोपीतले शेठ होते, निवृत्त झालो तेव्हा त्यांचा नातू लॅपटॉप घेऊन गादीवर बसत होता. म्हणजे हमालांच्या चळवळीकडे मी आयुष्यभर पलीकडच्या बाजूने पाहिलं. मोर्चा निघाला की आमच्याकडे शटर अर्धं खाली यायचं. हमालीचा हिशेब माझ्या हाताने व्हायचा, त्यामुळे कोणाला किती मिळायचं आणि कशात किती कापलं जायचं, हे मला ऐकीव नाही, वहीतलं ठाऊक आहे. या जागेबद्दल लिहिणारे बहुतेक जण भारावून लिहितात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

भाकरीचं मात्र मनापासून सांगतो. ज्वारीत हयात गेली, त्यामुळे पीठ बघितलं की कळतं. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर कितीही हातखंडा असलेली बाई असो, भाकरी कडेला फाटणारच. इथे थापणाऱ्या बाईकडे उभं राहून एकदा नीट बघा. उंडा परातीत पडतो, तळहात मधे आणि दुसऱ्या हाताची कड बाहेरून भाकरी फिरवत ठेवते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरतो. ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटावी लागते. जरा उशीर झाला की वरचा भाग तडकतो, घाई झाली की तव्याला चिकटते. मग विस्तवावर गेली की टम्म फुगते. घरी चार भाकऱ्या अशा जमल्या तर आमच्याकडे कौतुक होतं. इथे हे काम तासन् तास चालतं, मागे रांग उभी असताना. काम करणाऱ्या बायकांत कष्टकरी घरांतल्याच बऱ्याच जणी असतात, आणि ते हाताच्या वेगावरून कळतं.

मध्यंतरी भाच्याने हौसेने एका 'गावरान थाळी'वाल्या हॉटेलात नेलं. नाव घेत नाही. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीला कंदील, वाढणाऱ्याच्या डोक्याला फेटा. भाकरी आली ती चिवट आणि निवलेली, वर लोण्याचा गोळा ठेवून झाकलेली. झुणक्यात साखर! बिल बघून भाच्याने ते माझ्यापासून लपवलं. त्या पैशात मार्केट यार्डात आमच्या जुन्या गाळ्यावरच्या हमालांच्या अख्ख्या टोळीचं जेवण निघालं असतं, असं मी म्हणालो, तर तो म्हणाला, "मामा, तिथे ॲम्बियन्स नाही." असेल बुवा.

इथलं जेवण स्वस्त का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर बहुतेकांना धर्मादायात सापडतं. ते चुकीचं आहे. ही खिरापत नाही. 'ना नफा ना तोटा' या हिशेबाने हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे, आणि पुण्यात त्याची वेगवेगळी केंद्रं आहेत. नफा काढून टाकला, सजावट काढून टाकली, वाढपी काढून टाकले, की जेवणाची खरी किंमत किती उरते ते इथे दिसतं. दिवाणजी म्हणून मला याचंच जास्त कौतुक. अनुदानावर चालणारी गोष्ट अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर जगते.

त्याचे दाखले महाराष्ट्राने पाहिले आहेत. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर निघाली. कल्पना वाईट नव्हती. पण मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या, योजना गुंडाळली गेली, आणि कित्येक ठिकाणी टपरी तीच राहून आत वडापाव किंवा मंचुरियन आलं. २०२० च्या २६ जानेवारीला शिवभोजन सुरू झालं, गिऱ्हाईकाकडून दहा रुपये आणि वरचे सरकारकडून. करोनात त्या थाळीने लोकांना खरोखर आधार दिला, हे नाकारणार नाही. पण केंद्र चालवणारा माणूस सरकारी बिलाची वाट बघत असतो, आणि बिल अडकलं की चूल अडकते. १९७४ ची भाकरी यातल्या कुठल्याही सरकारच्या आधीची. ज्यांना खायची होती त्यांच्याच संघटनेने चूल मांडली होती, एवढाच फरक आहे, पण हिशेबात तो फार मोठा पडतो.

१९७४ च का, याचं उत्तर १९७२ च्या दुष्काळात आहे. धान्य महागलं, आणि धान्य पाठीवर वाहणाऱ्या माणसालाच ते विकत घेणं परवडेना. आमच्या गाळ्यावरचे माझ्या आधीचे दिवाणजी सांगायचे की नाना पेठ, भवानी पेठेत तेव्हा घाऊक बाजार होता आणि हमाल बहुतेक एकटे राहायचे. मुळशी, वेल्ह्याकडचे, काही मराठवाड्यातले. बायकापोरं गावी, हा रात्री गाळ्याच्या ओट्यावर अंग टाकणार. जेवण खानावळीत, खानावळीची उधारी शेठच्या उचलीतून, आणि उचल फिटेपर्यंत शेठसमोर मान वर नाही. खानावळीच्या बिलापासून गुलामीची साखळी कशी तयार होते ते वहीत इतकं स्वच्छ दिसतं की त्याला कुठल्या पुस्तकाची गरज नाही. भाकरी स्वस्त आणि रोख मिळाली की त्या साखळीतली एक कडी निखळते. म्हणून मी या जागेला खानावळ मानत नाही, संपाइतकंच मोठं हत्यार मानतो. आमच्या शेठनाही ते कळलं असावं, कारण हमालांच्या खाण्यापिण्याबद्दल एरवी चकार शब्द न काढणारे ते, "आता यांना जेवणसुद्धा युनियन देणार का?" असं वैतागून म्हणायचे.

चळवळ कशी उभी राहते यावर लोक मोठमोठी भाषणं करतात. माझा अनुभव असा की अन्याय आहे म्हणून चळवळ होत नाही. अन्याय तर पिढ्यान् पिढ्या होताच, आणि माणसं पोती उचलतच होती. डॉ. बाबा आढाव आयुर्वेदाचे डॉक्टर, जन्म १९३० चा, याच पेठांत वावरलेले. दुखणाऱ्या पाठीला औषध देता येतं, पण उद्या पुन्हा त्याच पाठीवर क्विंटलचं पोतं चढणार असेल तर औषध कशाला, हा प्रश्न डॉक्टरला पडला तर पुढचं सगळं त्यातून निघतं. १९५५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. नावातच 'पंचायत' आहे, म्हणजे बसून बोलणं आलं. हमाल दिवसाचे कित्येक तास गाडीची वाट बघत एकत्र बसलेले असतात. बसायची जागा आधीच होती, तिथे बसून बोलायचा विषय बदलला. आणि विषय 'शोषण' वगैरे नव्हता, पोत्यामागे हमाली किती पैशाने वाढणार हा होता. आकडा होता म्हणून माणसं उठली. आकडा असला की आमच्यासारखा दिवाणजीही मान खाली घालून बेरीज करायला लागतो.

तरीही दरवाढीवर ही चळवळ थांबली असती तर आज तिची आठवणही राहिली नसती. खरी अडचण वेगळी होती. हमालाचा मालक कोण? सकाळी आमच्याकडे दोन ट्रक खाली करायचे, दुपारी समोरच्या गाळ्यावर थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याकडे टेम्पो भरायचा. आमचे शेठ म्हणायचे, "तो माझा नोकर नाही." समोरचाही तेच म्हणायचा. दोघंही कायद्याने खरंच बोलत होते! नोकर नाही म्हणून फंड नाही, रजा नाही, पाय मोडला तर औषधाचे पैसे नाहीत. कामगार कायदे सगळे 'मालक' नावाच्या खुंटीला बांधलेले, आणि इथे खुंटीच नव्हती.

१९६९ च्या माथाडी कायद्याने ती खुंटी तयार केली. माथाडी म्हणजे डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणारे. हा कायदा आणण्यासाठी मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा, अशी बरीच माणसं झटली होती. युक्ती साधी आहे, आणि मला विचाराल तर महाराष्ट्रात लिहिल्या गेलेल्या कायद्यांत इतकी हुशार युक्ती क्वचित सापडेल. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ करायचं. हमालाची आणि दुकानाची दोघांची नोंद मंडळात. दुकानाने मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची, वर ठराविक टक्के लेव्ही भरायची. मंडळ मजुरी हमालाला देणार आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी बघणार. दहा दुकानांत फिरणाऱ्या माणसाला कायमच्या नोकरासारखे हक्क मिळाले आणि कुठल्याही एका शेठला 'मी मालक आहे' असं म्हणावं लागलं नाही.

ही लेव्ही मी वर्षानुवर्षं भरली. मंडळाचा चेक लिहिताना शेठचा चेहरा दर महिन्याला तोच. पण एक फरक मी पाहिला. आधी हमाल पैसे मागायला यायचा तेव्हा पायरीखाली उभा राहायचा. मंडळाचं पासबुक आल्यावर तोच माणूस आत येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "दिवाणजी, मागच्या महिन्याची एन्ट्री कमी दिसतीय, जरा वही काढा." एन्ट्री खरंच कमी होती की नाही ते महत्त्वाचं नाही. वही काढा, असं त्याने आधी कधी म्हटलं नव्हतं.

पोत्याच्या वजनाचंही सांगायला हवं. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घ्यायचं ही रीत होती, आणि ते पन्नास किलोवर आणा, ही पंचायतीची कित्येक वर्षांची मागणी. आमच्या बाजूने त्याला विरोध झाला तो माणुसकी नाही म्हणून झाला असं मी म्हणणार नाही. पोती दुप्पट म्हणजे बारदान दुप्पट, शिलाई दुप्पट, वजनकाट्यावर वेळ दुप्पट. आणि हमाली पोत्यावर की वजनावर, यावरून भांडण ठरलेलं. ही सगळी गणितं मी स्वतः मांडून शेठच्या पुढ्यात ठेवलेली आहेत. आज साखरेचं, धान्याचं पन्नास किलोचं पोतं सगळ्यांना इतकं सवयीचं झालंय की कधीकाळी यावरून बैठका बसत होत्या हे नव्या पोरांना पटत नाही. सुधारणा पचली की तिचं श्रेय कोणालाच जात नाही.

बाबांची मुळं सत्यशोधकी, हे जेवताना आठवावं असं एक कारण आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्यातल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुटी ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, आणि ती १८९० मध्ये मिळाली. पण त्याच यादीत दुपारी अर्धा तास विसावा मिळावा अशीही मागणी होती. जेवायला अर्धा तास! तो मागायला सभा घ्यावी लागत होती. मग १९७२ मध्ये बाबांनी 'एक गाव एक पाणवठा' हाती घेतलं ते दलितांनाही गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता यावं यासाठी, आणि दोन वर्षांनी भाकरी. पाणी आणि जेवण, या घराण्याच्या चळवळी याच दोन गोष्टींभोवती फिरत राहिल्या आहेत.

हीच पद्धत पुढे इतरांनी उचलली. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना झाली. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, त्यातून २००८ ची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या गळ्यात ओळखपत्र असतं. त्या कार्डाची वंशावळ नाना पेठेतल्या हमालांपर्यंत जाते हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाला सांगून उपयोग नाही, तिथे कचऱ्याची पिशवी ओली की सुकी यावरच रण पेटलेलं असतं.

सगळं गोड आहे असंही नाही. माथाडी कायद्याच्या नावाखाली खंडणी मागणारे बोगस पुढारी ठिकठिकाणी निघाले, आणि त्यांच्यामुळे खऱ्या टोळ्यांची बदनामी झाली. कायदा असूनही नोंदणीबाहेर राबणारे हमाल अजून आहेत, गोदामांत तर फार. माल आता कंपनीच्या गोदामातून थेट मॉलमध्ये जातो, आडत्याचा गाळा मधून वगळला जातो आणि त्याबरोबर टोळीही. पाठीवरचं ओझं कमी करा म्हणून लढलेली माणसं आता ओझंच नाहीसं होतंय म्हणून काळजीत आहेत. पंचायतीकडे यावर उत्तर आहे का? मला दिसलेलं नाही. बाबा ८ डिसेंबर २०२५ ला गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. त्यानंतर जेवायला गेलो तर ताटं तशीच निघत होती, रांग तेवढीच होती. ज्या माणसाने संस्था उभी केली तो गेल्याच्या आठवड्यात तिथली भाकरी वेळेवर मिळते की नाही, ही माझ्या मते संस्थेची खरी परीक्षा, आणि त्या परीक्षेत मी पूर्ण गुण देतो.

माझा मुलगा विचारत होता, बरा पगार असलेल्या माणसाने तिथे जेवणं म्हणजे गरिबाच्या ताटावर हक्क सांगणं नाही का? नाही. दर सगळ्यांना एकच, आणि त्यात कोणाची भीक मिसळलेली नाही, तेव्हा बिनधास्त जा. विद्यार्थी, रिक्षावाले, स्पर्धा परीक्षेची पोरं, गावाहून दवाखान्यात आलेले नातेवाईक, सगळे जेवतात. पहिल्यांदा जात असाल तर झुणका-भाकरच घ्या, पोळी घरीही मिळते. ठेचा आधी बोटाने चाखा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. आणि ऐन दुपारी जेवून झाल्यावर फोन बघत जागा अडवू नका, कारण मागे उभ्या असलेल्या टोळीची गाडी बाहेर लागलेली असते आणि ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला की मुकादम कोणाची वाट बघत नाही.